जुन्या जीपच्या विद्युत भागांचा शोध

बुलडाणा जिल्ह्यातील कोणत्याही तालुक्याच्या गावी आठवडी बाजाराच्या दिवशी उभे राहिले, तर एखाददुसरी जुनी जीप आजही नजरेस पडते. कधी ती काळी-पिवळी म्हणून प्रवाशांनी गच्च भरलेली असते, कधी कापसाच्या गाठोड्यांमागे अर्धी झाकलेली असते, तर कधी शेतमालकाने वडिलांची आठवण म्हणून जपलेली असते. एसटी जेथे दिवसातून एकदाच जाते, अशा वाड्यावस्त्यांचे दळणवळण अनेक वर्षे याच वाहनांनी सांभाळले. या गाड्यांचा सांगाडा सहसा दगा देत नाही. स्प्रिंग तुटली तर पट्टा मिळतो, गिअरचा दात गेला तर खराद्याकडे काही ना काही उपाय निघतो. गाडी अडते ती बहुधा विजेच्या भागांवर. डायनामो चार्ज करीत नाही, सेल्फ नुसता टकटक वाजतो, घाटात दिवे मंदावतात, आणि दुकानात गेल्यावर ‘हा माल आता येत नाही’ असे उत्तर मिळते.

या उत्तरात सत्य असते, पण ते अर्धेच. भाग येत नाही असे दुकानदार म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्या नावाने येत नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. तोच भाग दुसऱ्या वाहनाच्या किंवा ट्रॅक्टरच्या नावाने शेजारच्या फळीवर पडलेला असू शकतो. म्हणून शोधाची सुरुवात दुकानातून करण्याऐवजी स्वतःच्या गाडीपासून केलेली बरी.

आधी गाडी ओळखावी

महिंद्रने विलीज जीपची जुळणी १९४९ मध्ये मुंबईत माझगाव येथे सुरू केली. पुढे सीजे-३बी हे उंच बॉनेटचे रूप भारतात इतके रुळले, की अमेरिकेत त्याचे उत्पादन १९६८ मध्ये थांबल्यानंतरही येथे त्याच घाटाच्या गाड्या बनत राहिल्या. पेट्रोलवर चालणारे चार सिलिंडरचे ‘हरिकेन’ इंजिन ही या गाड्यांची ओळख होती. त्यानंतर डिझेलचे युग आले. ट्रॅक्टरच्या घराण्यातील इंजिने आणि प्यूजोच्या परवान्याखालील २११२ घनसेंटिमीटरचे एक्सडीपी ४.९० इंजिन ही त्यातील दोन मोठी घराणी. एमएम ५४० आणि एमएम ५५० या गाड्यांत प्यूजोचे इंजिन आढळते. कमांडर, मेजर, मार्शल यांच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत महिंद्रचे स्वतःचे डायरेक्ट इंजेक्शन इंजिनही आढळते. बजाज टेम्पोची ट्रॅक्स ही जिल्ह्यातील काळी-पिवळीच्या धंद्यातली दुसरी मोठी हकदार. तिचे इंजिन मर्सिडीजच्या ओएम ६१६ वंशाचे. या कंपनीचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले, त्यामुळे जुन्या पेटीवर एक नाव आणि नव्या पेटीवर दुसरे, असा प्रकार भाग शोधताना दिसतो.

विदर्भात मात्र आणखी एक गुंता आहे. पेट्रोल महाग झाले तसे अनेक सीजे-३बी मालकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवले. आज अशा गाडीची बॉडी एका काळातील, इंजिन दुसऱ्या काळातील आणि वायरिंग तिसऱ्याच कोणा मिस्त्रीच्या हातचे असते. नोंदणी पुस्तकात लिहिलेले मॉडेल सांगून डायनामो मागितला, तर चुकीचा भाग हाती येणार हे ठरलेले. सेल्फ, अल्टरनेटर, हीटर प्लग हे भाग इंजिनाचे असतात, तर दिवे, मीटर, वायपर आणि स्विच हे बॉडीचे. ही साधी विभागणी लक्षात ठेवली तरी निम्म्या चकरा वाचतात. इंजिन बदलल्याची नोंद आरटीओकडे झालेली नसेल, तर ती वेगळी डोकेदुखी आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार असा बदल नोंदवणे बंधनकारक आहे.

मारुती जिप्सीची गोष्ट थोडी निराळी. १९८५ मध्ये आलेली ही गाडी खासगी ग्राहकांसाठी २०१८-१९ पर्यंत बनत होती आणि तिचे जाळे मोठे होते, त्यामुळे तिचे साधे विद्युत भाग अजून तुलनेने सहज मिळतात. मात्र २००० नंतरच्या इंधन इंजेक्शनच्या जिप्सीत संगणकीय नियंत्रक आहे. तो गेला तर गावातल्या वायरमनच्या टेस्ट लॅम्पने दोष सापडत नाही.

सहा, बारा की चोवीस?

दुसऱ्या महायुद्धातील विलीज एमबी आणि त्यानंतरच्या सीजे-२ए व सीजे-३ए या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या. सुरुवातीच्या सीजे-३बी देखील ६ व्होल्टच्याच. एम-३८ ही लष्करी जीप २४ व्होल्टची आणि पाण्यात चालण्यासाठी बंदिस्त जोडण्यांची. पुढच्या नागरी गाड्या १२ व्होल्टच्या. लष्कराच्या लिलावातून आलेली गाडी असेल तर पाटी वाचल्याशिवाय एकही बल्ब घेऊ नये. काही मालकांनी २४ व्होल्टच्या गाड्या १२ व्होल्टवर आणल्या. पण आणताना एखादे मीटर किंवा वायपरची मोटर तशीच राहून गेली, असेही घडते.

६ व्होल्टच्या गाडीसाठी बॅटरी हा खरा प्रश्न आहे. जुन्या मोटारसायकलींमुळे ६ व्होल्टची बॅटरी बाजारात अपरिचित नाही. पण ती लहान असते आणि जीपचे इंजिन फिरवण्याइतका प्रवाह तिच्यातून निघत नाही. त्यामुळे बहुतेकजण गाडी १२ व्होल्टवर नेतात. तसे करताना बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल, डायनामो आणि त्याचा कटआउट बदलावा लागतो. मीटरसाठी व्होल्टेज कमी करणारा घटक लावावा लागतो. मूळ सेल्फ मात्र बहुधा १२ व्होल्टवरही निभावून जातो, अट एकच की किल्ली फार वेळ दाबून धरू नये. ६ व्होल्टची तार जाड असते, म्हणून वायरिंग चांगले असेल तर तेही चालते. पण कापडी आवरणाची जुनी तार पन्नास-साठ वर्षांनी हात लावताच भुगा होते, हे विसरून चालणार नाही.

ध्रुवाचा प्रश्नही एकदा तपासून घ्यावा. विलीज घराण्यात बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. १९६७ पूर्वीच्या लँडरोव्हरसारख्या ब्रिटिश गाड्यांत मात्र धन टोक बॉडीला असे. अशा गाडीत अल्टरनेटर तसाच बसवला, तर त्यातील डायोड क्षणात जळतात.

पाटीवरचा क्रमांक

भारतीय जीपमधील विद्युत उपकरणांवर सर्वाधिक आढळणारी नावे दोन. एक लुकास-टीव्हीएस, दुसरे मायको. लुकास-टीव्हीएसची स्थापना १९६१ मध्ये ब्रिटनच्या लुकास कंपनीच्या भागीदारीतून झाली आणि तिचा मुख्य कारखाना चेन्नईतील पाडी येथे आहे. मायको म्हणजे १९५१ मध्ये बंगळुरूत सुरू झालेली मोटर इंडस्ट्रीज कंपनी. २००८ मध्ये तिचे नाव बॉश लिमिटेड झाले. ‘मायकोचा माल बंद झाला’ असे ऐकून परत फिरलेल्या ग्राहकाने बॉशच्या नावाने तोच भाग विचारला असता, तर कदाचित मिळालाही असता. मीटरच्या बाबतीत कोइमतूरच्या प्रिकॉलचे नाव पाठीमागे कोरलेले सापडते.

सेल्फ, डायनामो आणि अल्टरनेटर यांच्या अंगावर एक छोटी पाटी किंवा ठोकलेला क्रमांक असतो. त्यावर तेल-मातीचा थर बसलेला असतो. रॉकेलच्या बोळ्याने तो थर पुसावा, क्रमांक कागदावर लिहून घ्यावा आणि मोबाइलवर छायाचित्रही काढावे. या क्रमांकाच्या आधारे अधिकृत वितरक जुन्या क्रमांकाच्या जागी कंपनीने कोणता नवा क्रमांक दिला आहे, हे त्यांच्या यादीत पाहू शकतात. ही बदली क्रमांकांची यादी म्हणजे जुन्या गाडीच्या मालकासाठी खजिना होय, पण तिच्याविषयी विचारणारे ग्राहक फार थोडे.

पाटी गळून पडली असेल तर मोजमाप घ्यावे. सेल्फच्या बाबतीत पिनियनचे दात किती, तो कोणत्या दिशेने फिरतो, फ्लँजवर बोल्ट किती व त्यांतील अंतर किती, आणि पिनियन बाहेर किती येतो, या चार गोष्टी जुळल्या पाहिजेत. दातांची संख्या एकाने जरी चुकली, तरी फ्लायव्हीलची रिंग खराब होते आणि पाचशे रुपयांचा वाचवलेला खर्च इंजिन उतरवण्यापर्यंत जातो. अल्टरनेटरसाठी पुली किती पट्ट्यांची, कंसाचे माप काय, आणि किती अँपिअरचा, हे पाहावे.

अल्टरनेटरमागे दडलेला ब्रेक

अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे व्हॅक्यूम पंप जोडलेला असतो. डिझेल इंजिनात पेट्रोलप्रमाणे पुरेसा व्हॅक्यूम तयार होत नाही, म्हणून ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम हा पंप पुरवतो. हा पंप असलेल्या गाडीला दुसऱ्या गाडीचा बिनपंपाचा अल्टरनेटर बसवला, तर दिवे लागतील, बॅटरी चार्ज होईल, सर्व काही ठीक दिसेल. मात्र ब्रेकचा पाय दगडासारखा कडक लागेल. राजूर घाटातून किंवा बोथ्याच्या घाटातून भरलेली गाडी खाली उतरत असताना हे लक्षात येणे म्हणजे काय, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पंपाला तेल पुरवणारी आणि परत नेणारी नळीही असते. भाग बदलताना ती दाबली गेली किंवा तेल पोचले नाही, तर पंप अल्पावधीत जळतो. जिल्ह्याचे दोन भाग करणाऱ्या अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे ‘घाटावर’ आणि ‘घाटाखाली’ असे शब्द येथे रोजच्या बोलण्यात आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा या बाजूकडून मलकापूर, खामगाव, शेगावकडे जाणाऱ्या प्रत्येक जुन्या गाडीला हा उतार पार करावाच लागतो. म्हणून अल्टरनेटर खरेदी हा या जिल्ह्यात केवळ विजेचा विषय नाही.

चार्जिंग होत नाही म्हणून अल्टरनेटरच बदलण्याची घाईदेखील बरोबर नाही. डॅशबोर्डवरील चार्जिंगचा लाल दिवा ही केवळ सूचना नसून बऱ्याच अल्टरनेटरना सुरुवातीचा प्रवाह त्याच दिव्यातून मिळतो. तो चिमुकला बल्ब उडाला, तर चांगला अल्टरनेटरही कमी फेऱ्यांवर उठत नाही. चालू गाडीत बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान आकडा दिसला पाहिजे. इंजिन बंद ठेवून काही तासांनी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसला, तर बॅटरी भरलेली समजावी. साधा डिजिटल मल्टिमीटर आज कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो आणि पहिल्याच फेरीत आपली किंमत वसूल करतो.

जुन्या डायनामोचे शास्त्र वेगळे. तो लांबट नळकांड्यासारखा असतो, मंद फेऱ्यांवर चार्ज करीत नाही, आणि त्याचा कटआउट-रेग्युलेटर बिघडला की बॅटरी उलट त्याच्यात रिकामी होते. डायनामो किंवा रेग्युलेटर बदलल्यावर त्याचे ध्रुव ठरवण्यासाठी क्षणभर बॅटरीचा स्पर्श द्यावा लागतो. ज्येष्ठ वायरमनना हे ठाऊक असते. नवख्या मिस्त्रीने ते केले नाही, तर नवा कटआउट पहिल्याच दिवशी चिकटतो आणि दोष मात्र भागाला लागतो.

बदलण्याआधी दुरुस्ती

सेल्फ आणि डायनामो हे भाग संपूर्ण बदलण्याची गरज फार क्वचित पडते. त्यांतील झिजणारे घटक ठरलेले आहेत. ते म्हणजे कार्बन, बुश किंवा बेअरिंग, सोलेनॉइड आणि बेंडिक्स. कार्बन मूळ मापाचा मिळाला नाही, तर किंचित मोठा घेऊन घासून बसवता येतो, मात्र त्याची जात तीच हवी. सेल्फचा कार्बन तांब्याचा अंश असलेला आणि भरपूर प्रवाह वाहून नेणारा असतो, डायनामोचा बराचसा शुद्ध कार्बनचा. दोन्ही काळे दिसतात, म्हणून अदलाबदल होते. आर्मेचर जळले असेल तर रिवाइंडिंगचा मार्ग आहे. विहिरीवरील पंपाच्या मोटरी भरून देणारी दुकाने या जिल्ह्यात जागोजागी आहेत, परंतु सेल्फच्या आर्मेचरमधील जाड पट्टीची गुंडाळी हे निराळे काम आहे. ते ऑटो इलेक्ट्रिकचे काम करणाऱ्याकडेच द्यावे आणि ग्राउलरवर तपासून घ्यावे.

डिझेल गाडीत थंडीच्या पहाटे इंजिन धूर सोडत नुसते फिरत राहिले, तर संशय हीटर प्लगवर जातो. प्यूजोच्या इंजिनाची रचना अशी आहे, की त्याला सुरू होण्यासाठी प्लगची ऊब लागते. डायरेक्ट इंजेक्शन इंजिनाला सहसा लागत नाही. फार जुन्या डिझेल इंजिनांत दुहेरी टोकांचे प्लग एकामागे एक साखळीत जोडलेले असत, त्यातील एक गेला की सगळेच थंड. नंतरच्या पेन्सिलसारख्या प्लगमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र पुरवठा असतो. दोन्ही प्रकारांचे व्होल्टेज वेगळे. साखळीतील प्लग थेट १२ व्होल्टवर तपासला तर तो चांगला असूनही तेथेच जळतो. प्लग घेताना आट्यांचा व्यास आणि टोकाची लांबी मोजावी, कारण लांब टोक आत घासण्याचा धोका असतो.

पेट्रोलच्या मूळ सीजे-३बीत पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल ही त्रिमूर्ती आहे. अमेरिकी ऑटोलाइट डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची फट ०.०२० इंच ठेवतात, लुकासच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये ती ०.०१५ इंचाच्या आसपास असते. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला, की गाडी चालते पण ओढत नाही. पॉइंट घेतानाही डिस्ट्रिब्युटर कोणता, हे पाहूनच घ्यावा. गाडीचे नाव सांगून मिळालेला पॉइंट बसेलच असे नाही.

खारपाणपट्ट्यातील अर्थिंग

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील भूजल खारे आहे. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा या बाजूच्या अनेक गावांत पिण्याच्या पाण्याचा प्रश्न त्यामुळे वर्षानुवर्षे गाजतो. जुन्या गाडीच्या विजेशी या पाण्याचा संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला म्हणजे बॅटरी. बोअरचे पाणी ‘दिसायला स्वच्छ आहे’ म्हणून बॅटरीत ओतले, तर त्यातील क्षार प्लेटांवर बसतात आणि बॅटरी काही महिन्यांत मरते. डिस्टिल्ड वॉटरशिवाय काहीही चालत नाही. उन्हाळ्यात घाटाखालचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, त्या दिवसांत पाण्याची पातळी दर पंधरवड्याला पाहावी लागते.

दुसरा संबंध धुलाईचा. खाऱ्या पाण्याने धुतलेल्या गाडीच्या जोडण्यांवर पांढरट थर चढतो. जीपमध्ये प्रवाहाचा परतीचा मार्ग म्हणजे गाडीचे लोखंडच. इंजिन रबरी माउंटिंगवर बसवलेले असते, म्हणून इंजिनपासून चॅसीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी जोडलेली असते. ही पट्टी गंजली, तुटली किंवा कोणी काढून फेकली, तर प्रवाह दुसरी वाट शोधतो. अॅक्सिलेटरची तार गरम होणे, सेल्फ मारताना मीटरचे काटे नाचणे, एक दिवा लावला की दुसरा मिणमिणणे, या सर्व तक्रारींचे मूळ पुष्कळदा या एका पट्टीत असते. तपासणी सोपी आहे. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर अर्थ कमकुवत आहे. याच वेळी बॅटरीच्या दोन टोकांमधील आकडा साडेनऊ व्होल्टच्या खाली कोसळला, तर बॅटरी किंवा सेल्फ यांपैकी एक दोषी. ‘सेल्फ गेला’ म्हणून आणलेल्या गाड्यांपैकी काही केवळ ही पट्टी बदलून चालू होतात. अशा वेळी भाग न मिळाल्याचा मनस्ताप सारा वाया गेलेला असतो.

वायरिंगच्या रंगांवर भरवसा ठेवायचा झाला, तर लुकासच्या जुन्या पद्धतीत तपकिरी तार बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून जाणाऱ्या उपकरणांची, निळी मोठ्या दिव्यांची, लाल पार्किंगची आणि काळी अर्थची. इंडिकेटरला डावीकडे हिरवी-लाल, उजवीकडे हिरवी-पांढरी. पण तीन-चार हातांतून गेलेल्या जीपमध्ये ज्या दिवशी जी तार दुकानात होती, ती लागलेली असते. त्यामुळे रंगाऐवजी टेस्ट लॅम्पवर विश्वास ठेवावा. नवी तार घेताना एक टोक सोलून ब्लेडने खरवडावे. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे. ती स्वस्त पडते, पण कंप सहन करीत नाही आणि लवकर तापते. गोठ्यात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे वायरिंग उंदीर कुरतडतात, हा आणखी एक ग्रामीण छळ. त्यावर लवचिक नळीतून तारा नेण्याखेरीज खात्रीचा इलाज नाही.

जे कधीच संपत नाही

सर्व भाग दुर्मिळ आहेत असे मात्र नाही. जीपचा सात इंची गोल हेडलाइट हे त्याचे उत्तम उदाहरण. हेच माप अॅम्बेसेडर, जिप्सी, लँडरोव्हर आणि बुलेट मोटारसायकललाही होते, त्यामुळे काच आणि रिफ्लेक्टर आजही सहज मिळतो. जुना सीलबंद दिवा काढून एच-४ बल्बचा रिफ्लेक्टर बसवता येतो. ५५/६० वॅटचे दोन बल्ब मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. जुना स्विच एवढा भार रोज सोसत नाही; रिले बसवला तर स्विचही वाचतो आणि प्रकाशही वाढतो. फ्लॅशर, हॉर्न, फ्यूज, रिले, वायपरचा ब्लेड हे भागही मॉडेलवर अडून राहत नाहीत.

मीटरचे तसे नाही. इंधनाचा मीटर आणि टाकीतील फ्लोट ही जोडी असते. एकाचा रोध दुसऱ्याला जुळला नाही, तर टाकी अर्धी असताना काटा भरलेला दाखवतो. बदलायचे तर दोन्ही बदलावेत. जुन्या विलीजचा पायाने दाबायचा सेल्फ स्विच हाही अवघड भाग. तो मिळेना तर अनेकजण ट्रॅक्टरला लावतात तसला जाड संपर्काचा सोलेनॉइड आणि साधे बटण लावून काम भागवतात. मूळ रूपाचा आग्रह धरणाऱ्यांना ते रुचत नाही, पण शेतावर जाणाऱ्या गाडीला त्याने काही बिघडत नाही.

बाजार कोठे

शोधाचा पहिला टप्पा जिल्ह्यातच असावा. मलकापूर, नांदुरा आणि खामगाव ही गावे पूर्वीच्या राष्ट्रीय महामार्ग ६ वर, म्हणजे आताच्या ५३ वर आहेत. ट्रकच्या वाहतुकीमुळे येथे ऑटो इलेक्ट्रिकचे काम पिढीजात झाले आहे. त्याहून दुर्लक्षित ठिकाण म्हणजे ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारी दुकाने. महिंद्रच्या जुन्या डिझेल जीपमधील इंजिनांचा ट्रॅक्टरशी नातेसंबंध असल्याने काही भाग तेथे सापडण्याची शक्यता असते, अर्थात मोजमाप जुळवूनच. २००० मध्ये आलेली बोलेरो आणि २०१० मधील पहिल्या पिढीची थार यांच्या डायरेक्ट इंजेक्शन आवृत्त्यांत २५२३ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. याच घराण्याचे इंजिन असलेल्या जुन्या गाडीसाठी त्यांचे भाग प्रथम पाहावेत.

तेथे जमले नाही, तर खामगावहून सुमारे ५० किलोमीटरवर अकोला, मलकापूरकडून जळगाव आणि घाटावरून जालना व छत्रपती संभाजीनगर. त्यापुढे पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाऊस परिसर, आणि जुन्या उतरवलेल्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रस्ता. देशपातळीवर दिल्लीचे काश्मिरी गेट हा घाऊक बाजार आहे, तर हरियाणातील मंडी डबवाली हे जीप बांधणीसाठी नावाजलेले गाव. विलीजचे भाग अमेरिकेत आजही नव्याने बनून विकले जातात. गंमत अशी, की त्यातील काही माल भारतातच तयार होऊन तिकडे जातो. तो परदेशातून मागवला तर सीमाशुल्क आणि कुरिअरचा खर्च भागाच्या किमतीवर मात करू शकतो, म्हणून आधी देशातील निर्यातदाराकडे विचारणा करणे शहाणपणाचे.

जुन्या भागांचा एक मोठा झरा मात्र आटत चालला आहे. पंचायत समित्या, आरोग्य केंद्रे, वन विभाग आणि पोलिस यांच्या निर्लेखित जीप पूर्वी लिलावात निघत. खामगाव-अकोल्याचे भंगारवाले त्या घेत आणि सुटे करून विकत. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार १५ वर्षे पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपुष्टात येते आणि ती नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच मोडीत काढावी लागतात. खासगी वाहनांना हा नियम लागू नाही. त्यांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत करता येते. परंतु हलक्या मोटार वाहनाचे हे शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील वाहनांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये. नूतनीकरणाच्या तपासणीत दिवे, इंडिकेटर, ब्रेक लाइट आणि हॉर्न पाहिले जातात. एमएच-२८ पासिंगची कित्येक वाहने मागच्या उजव्या दिव्याच्या एका होल्डरपायी परत पाठवली जातात, तेव्हा वाहनमालकाला त्या होल्डरची खरी किंमत कळते.

जुना भाग भंगारातून घेताना तो जागेवरच तपासून घ्यावा. सेल्फ घेताना आपली बॅटरी आणि जाड केबल बरोबर न्यावी. बहुतेक विक्रेते तपासू देतात, न देणाऱ्याकडून घेऊ नये. आर्मेचरचा तांब्याचा भाग खोल झिजलेला नसावा, जळका वास नसावा, शाफ्टला खेळ नसावा. नव्या पेटीतील मालाच्या बाबतीत होलोग्राम, छापील किंमत आणि निर्मितीचा महिना पाहावा. नामांकित कंपनीच्या रिकाम्या पेट्यांत दुसराच माल भरून विकण्याचा धंदा या क्षेत्रात नवा नाही. पक्के बिल मागितल्यावर दर वाढत असेल, तर तो भाग कोणाचा आहे याचा अंदाज यावा.

जुना भाग दुकानदाराकडे ‘नमुना’ म्हणून ठेवून येण्याची प्रथा आहे. ती टाळावी. नमुना हरवला की मोजमापही हरवते आणि दुरुस्तीची शेवटची शक्यताही. उतरवलेला सेल्फ, डायनामो, अगदी फुटलेले मीटरही चिठ्ठी बांधून कोरड्या डब्यात ठेवावे. आज ज्यातून फक्त एक स्क्रू हवा आहे, त्यातूनच पुढच्या वर्षी सोलेनॉइडचे झाकण लागणार असते.